किड्याचा फोटो धूसर का येतो? धुऱ्यावरच्या किड्यांचं आणि रानफुलांचं जवळून छायाचित्रण

२०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं 'एनपीएसएस' नावाची कीड-सर्वेक्षण प्रणाली सुरू केली. शेतकऱ्यानं मोबाइलवर किडीचा फोटो काढायचा, ॲपवर टाकायचा, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेनं ती कीड ओळखून सल्ला द्यायचा, अशी ही व्यवस्था. गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर हे आधीपासूनच चाललेलं आहे. "सर, पऱ्हाटीवर (कपाशीवर) हे काय आलं?" असा प्रश्न, आणि खाली फोटो. त्यात पान दिसतं, पान धरलेलं बोट दिसतं, मागचं आभाळही दिसतं. किडा तेवढा धूसर. समोर कृषी सहायक असो की ॲप, त्यातून कोणी काय ओळखणार?

ज्या मोबाइलनं लग्नातले फोटो झकास निघतात, तोच मोबाइल तुडतुड्यापुढे का हरतो, हे समजून घ्यायला फार शिकलेलं असावं लागत नाही. दोन-तीन गोष्टी डोक्यात बसल्या की पुढचं सगळं हाताला सापडत जातं. आणि एकदा किडा नीट टिपता आला की धुऱ्यावरचं, म्हणजे वावराच्या बांधावरचं, केना, तरोटा, रिंगणीचं फूलही तसंच टिपता येतं. विदर्भ म्हटलं की ताडोबा, मेळघाट आणि वाघ. लोक लांबलचक लेन्स घेऊन तिकडे जातात. त्याच रस्त्याच्या कडेला गवतात जे चाललेलं असतं, ते बघायला जिप्सी लागत नाही, बुकिंग लागत नाही. गुडघे टेकायची तयारी लागते.

मॅक्रो म्हणजे नेमकं काय?

कॅमेऱ्यात लेन्समागे एक चौकोनी पट्टी असते, तिला सेन्सर म्हणतात. समोरचं चित्र त्या पट्टीवर उमटतं. 'फुल फ्रेम' म्हणतात त्या मोठ्या कॅमेऱ्यात ही पट्टी ३६ बाय २४ मिलिमीटरची असते. आता सात मिलिमीटर लांबीचा ढालकिडा (लेडीबर्ड) समोर असेल आणि सेन्सरवरही त्याचं चित्र सात मिलिमीटरचंच पडत असेल, तर त्याला एकास एक म्हणतात. इथपासून पुढे खरं मॅक्रो छायाचित्रण. साध्या लेन्सनं हाच ढालकिडा सेन्सरवर एखादा मिलिमीटरच भरतो. मग तो फोटो पडद्यावर कितीही ताणा, जे टिपलंच गेलं नाही ते दिसणार कुठून?

याचा दुसरा अर्थही लक्षात ठेवण्यासारखा आहे. मावा साधारण दोन मिलिमीटरचा, फुलकिडा एकाचा. एकास एक टिपूनही मावा ३६ मिलिमीटरच्या पट्टीवर दोनच मिलिमीटर व्यापणार. म्हणून मॅक्रो शिकताना मावा-फुलकिड्यापासून सुरुवात करू नये. नाकतोडा, चतुर, रुईवरची अळी यांच्यावर हात बसवावा.

पापडाएवढी जागा

सगळ्या अडचणींचं मूळ इथे आहे, म्हणून जरा थांबून बघू.

कॅमेरा एका ठरावीक अंतरावरचंच स्पष्ट दाखवतो. त्या अंतराच्या थोडं अलीकडचं आणि थोडं पलीकडचं चालवून घेता येतं. या चालवून घेण्याच्या पट्ट्याला फोकसची खोली म्हणू. लग्नात वऱ्हाडाचा फोटो काढताना ही खोली कित्येक फूट असते, पुढचे मागचे सगळे स्पष्ट येतात. पण जसजसं जवळ जाल तसतशी ती झपाट्यानं आटते. एकास एक आकाराला, लेन्सचं छिद्र एफ-८ वर ठेवलं (एफचा आकडा जितका मोठा, तितकं छिद्र बारीक), तर मोठ्या कॅमेऱ्यात ती उरते जेमतेम एक मिलिमीटर.

लेन्ससमोर एक पापड उभा धरला आहे, अशी कल्पना करा. त्या पापडाच्या जाडीत जे येईल ते स्पष्ट, बाकी सगळं धूसर. नाकतोड्याला समोरून टिपलं, तर त्याचे डोळे पापडात येतात आणि पाय, पंख, पोट सगळं विरघळून जातं. तोच नाकतोडा बाजूनं टिपला, म्हणजे त्याचं अंग पापडाला समांतर ठेवलं, तर डोक्यापासून पंखाच्या टोकापर्यंत सगळा त्याच पापडात बसतो. कॅमेरा तोच, उजेड तोच. आपण अर्धं पाऊल सरकलो एवढंच. फुलपाखरू पंख मिटून बसलं असेल तर बाजूनं, उघडून बसलं असेल तर वरून. पान वाकडं असेल तर पानाशी समांतर.

या पापडापायीच हातही महत्त्वाचा. आपण उभ्या उभ्या श्वास घेतो तेवढ्यानं शरीर मागेपुढे झुलतं, आणि ते झुलणं एका मिलिमीटरपेक्षा सहज जास्त असतं. म्हणून बसा, कोपर गुडघ्यावर टेकवा, फोकस एका अंतरावर ठेवा आणि स्वतःच अगदी सावकाश पुढे सरकत बटण दाबत जा. दहा-पंधरा फोटोंत एखाद्यात डोळा बरोबर पापडात येतो. तो ठेवायचा, बाकीचे पुसायचे.

मग छिद्र आणखी बारीक केलं तर? खोली वाढते, एफ-१६ वर दुपटीच्या आसपास जाते. पण छिद्र फारच बारीक झालं की त्यातून जाताना प्रकाश पसरतो आणि सगळंच चित्र थोडं मऊ पडतं. शिवाय उजेड घटतो. त्यामुळे त्या वाटेनं एका मर्यादेपलीकडे जाता येत नाही.

मोठा कॅमेरा नसेल तर?

नसला तरी चालतं, आणि एका बाबतीत मोबाइल वरचढ ठरतो. त्याचा सेन्सर चिमुकला असतो, आणि चिमुकल्या सेन्सरला फोकसची खोली जास्त मिळते. म्हणून अख्खा किडा स्पष्ट दाखवायचा असेल तर मोबाइल बरा.

त्याची अडचण वेगळी आहे. मोबाइलची मुख्य लेन्स फार जवळ, बऱ्याच मोबाइलवर दहा ते वीस सेंटिमीटरच्या आत, फोकस करू शकत नाही. आपण किडा मोठा दिसावा म्हणून मोबाइल पार नाकाशी नेतो आणि नेमकं तिथेच तो आंधळा होतो. व्हॉट्सॲपवरच्या धूसर फोटोंचं हे पहिलं कारण. उपाय सोपा: मोबाइल वीतभर मागे घ्या आणि दोन-तीन पट झूम करा. ज्या मोबाइलमध्ये मॅक्रोची वेगळी सोय आहे, त्यातले बरेचसे जवळ गेल्यावर रुंद कोनाच्या लेन्सवर उडी मारतात. ती दोन-चार सेंटिमीटरवरून टिपते, पण तेवढ्या जवळ मोबाइलची सावलीच किड्यावर पडते. स्वस्तातल्या काही मोबाइलवर मॅक्रोसाठी दोन मेगापिक्सेलचा वेगळा कॅमेरा देतात, तो मला कधीच उपयोगाचा वाटला नाही. त्यापेक्षा चिमट्यानं अडकवायची भिंगाची लेन्स घ्यावी, ती फार महाग नसते.

मोठा कॅमेरा असेल पण मॅक्रो लेन्स नसेल, तर लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवायची पोकळ नळी मिळते. तिच्यात काच नसते. ती लेन्सला सेन्सरपासून लांब नेते, आणि लेन्स लांब गेली की तिला जवळचं दिसू लागतं.

उजेड

भर दुपारी विदर्भाच्या उन्हात उजेड कमी कसा पडेल, असं वाटतं. पण एकास एक आकाराला लेन्समधून सेन्सरवर येणारा उजेड चौथाईवर येतो. त्यात छिद्र बारीक केलेलं, त्यात वाऱ्यानं हलणारं फूल गोठवायला शटर वेगवान ठेवलेलं. म्हणून मॅक्रोवाले दिवसाढवळ्याही फ्लॅश वापरतात. कमी ताकदीवर फ्लॅशची चमक सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाइतकी आखूड असू शकते, त्यात माशीचा पंखसुद्धा स्थिर येतो.

मात्र उघडा फ्लॅश किंवा उघडं ऊन ढालकिड्याच्या गुळगुळीत पाठीवर पडलं की पांढरा डाग उमटतो आणि ठिपके मोजता येत नाहीत. उजेड पसरवावा लागतो. त्यासाठी फ्लॅशपुढे पांढरा बटरपेपर किंवा फोमचा पातळ तुकडा लावा. मोबाइल असेल तर सोबतच्या माणसाला किड्यावर सावली धरायला सांगा आणि दुसऱ्या बाजूनं पांढरा कागद धरा. तरोट्याच्या पिवळ्या फुलाचा किंवा पांढऱ्या फुलाचा फोटो काढताना पडद्यावर बोट ठेवून उजेड थोडा उतरवा, नाहीतर पाकळीवरच्या शिरा जळून जातात.

झडीचे दिवस यासाठी फार चांगले. आभाळ भरलेलं असतं, उजेड चहूकडून सारखा येतो.

पण किडा थांबतो कुठे?

किड्यांचं अंग बाहेरच्या हवेइतकं थंड-गरम होतं. गारठ्यात ते जड होतात, ऊन लागेपर्यंत उडत नाहीत. दिवाळीनंतर पहाटे तुरीच्या ओळीत गेलात, तर दवानं भिजलेले चतुर आणि फुलपाखरं काडीला धरून बसलेली सापडतात. दुपारी तेच फुलपाखरू तुम्हाला चार वावरं फिरवेल.

चतुराच्या मोठ्या जातींत एका डोळ्यात तीस हजारांच्या आसपास बारीक डोळे असतात. त्याला तुमचा चेहरा कळत नाही, हालचाल कळते. म्हणून सरळ रेषेत, सावकाश, आपली सावली त्याच्यावर न टाकता जावं. उडाला तर मागे धावू नये. बरेच चतुर फेरी मारून त्याच काडीवर परत येतात. तिथेच कॅमेरा लावून बसावं.

एक गोष्ट बजावून सांगतो. गवतात हात घालण्याआधी काठीनं चाळवा, पावसाळ्यात तर नक्कीच. आणि फवारणी झालेल्या वावरात त्या दिवशी फोटोसाठी शिरू नका.

जवळून बघितल्यावर ओळख बदलते

नुसत्या डोळ्यांनी "कसलीतरी अळी" दिसते. जवळच्या फोटोत ती कोण आहे ते कळतं, आणि शेतात हा फरक पैशांचा आणि जिवाचा आहे.

ढालकिडा सगळ्यांना माहीत आहे: गोल, लाल-नारिंगी, ठिपक्यांचा. पण त्याची अळी त्याच्यासारखी अजिबात दिसत नाही. लांबट, काळपट-राखाडी अंग, पाठीवर नारिंगी डाग, अंगभर बारीक काटेरी उंचवटे, पुढच्या भागाला सहा पाय. पऱ्हाटीच्या पानामागे ती फिरताना दिसली की माणूस धास्तावतो आणि पंप काढतो. ती मात्र तिथे मावा खायला आलेली असते, आणि मोठी होईपर्यंत शेकडो मावे फस्त करते. क्रायसोपा हा जाळीदार पंखांचा मित्रकिडा, त्याची अंडी तर पानावर चिकटलेलीही नसतात: केसाएवढ्या बारीक देठावर एकेक अंडं वर उचलून धरलेलं असतं. साध्या फोटोत ती बुरशी वाटते. मॅक्रोत देठ वेगळा दिसतो, टोकावरचं अंडं वेगळं दिसतं. माव्याच्या घोळक्यात बिनपायांची हिरवट अळी दिसली तर ती बहुधा सिरफिड माशीची, तीही मावाच खाते. मोठी झाल्यावर ही माशी मधमाशीसारखी पट्टेदार दिसते, पण फोटोत पंख मोजा: मधमाशीला दोन जोड्या, माशीला एकच. दुसऱ्या जोडीच्या जागी तिला दोन बारीक दांडे असतात, उडताना तोल सांभाळायला.

आता शत्रू. गुलाबी बोंडअळीचं पहिलं लक्षण फुलात दिसतं. अळी पाकळ्या आतून धाग्यांनी बांधून घेते, फूल उमलत नाही, पीळ दिल्यासारखं मिटलेलं राहतं. हीच डोमकळी. तिचा फोटो वरून काढला तर साधी कळी वाटते; बाजूनं, पाकळ्यांची टोकं पापडात येतील असा काढला तर पीळ दिसतो. लहान अळी पांढुरकी असते, गुलाबी रंग नंतर येतो. त्यामुळे "गुलाबी नाही, म्हणजे बोंडअळी नाही" हा समज सोडून द्यावा.

२०१७ च्या हंगामात याच बोंडअळीनं कपाशीचं अतोनात नुकसान केलं, आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. त्याला कारणं अनेक होती, ती फोटोनं सुटणारी नव्हती. तरी जी फवारणी मित्रकिडीला शत्रू समजून होते, ती टळली पाहिजे असं मला मनापासून वाटतं, आणि नीट काढलेला एक फोटो ती टाळू शकतो.

जवळच्या फोटोनं मोडणारा आणखी एक समज. पहिल्या पावसानंतर मातीवर चालणारा लाल मखमली मृगाचा किडा, त्याचे पाय मोजा. आठ भरतात. कीटकाला सहा असतात. म्हणजे हा कीटकांत बसत नाही, कोळी-गोचिडांच्या गोतावळ्यात बसतो.

रानफुलं म्हणजे तणच ना?

वावराच्या आत असली तर तण, यात वाद नाही. केना सोयाबीनमध्ये माजलं की उत्पन्न खातं. डवरणीत तुटलेला त्याचा तुकडाही ओल्या मातीत पुन्हा मूळ धरतो, हे काय शेतकऱ्याला सांगायला हवं? पण तेच केना धुऱ्यावर सकाळी टिपून बघा. वर दोन निळ्या पाकळ्या, खाली एक लहान फिकट. मधोमध चकचकीत पिवळे ठिपके. परागांचा साठा वाटावा असे, पण कामाचे पराग दुसऱ्याच केसरांवर. किडा पिवळ्याकडे येतो आणि न कळत खऱ्या परागांना अंग घासून जातो. दुपार होईतो फूल मिटून जातं, म्हणून याचा फोटो सकाळीच. आणि या झाडाला मातीखालीही फुलं येतात, कधीच न उमलणारी, आतल्या आतच बी धरणारी. ते बी जमिनीतच राहतं. निंदणाला केना पुरून का उरतं, याचं एक उत्तर तिथे आहे.

भुईरिंगणीचं जांभळं फूल तर जवळून बघायलाच हवं. मधले पिवळे केसर उभे, जाड, एकमेकांना टेकलेले. परागांची पूड बाहेर कुठेच नाही. टोकाशी फोकस आणला की प्रत्येक केसराच्या टोकावर एक बारीक भोक दिसतं. पराग आत कोंडलेले असतात. भुंगा किंवा निळ्या पट्ट्यांची रानमाशी येते, केसर धरते आणि पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवते; त्या कंपनानं पराग भोकातून उडून बाहेर येतात. मधमाशीला हे जमत नाही. वांगं आणि टमाटर याच कुळातले, त्यांचे केसरही अशाच धाटणीचे. धुऱ्यावर या रानमाश्या राहिल्या तर वाडीतल्या वांग्यालाही त्यांचा उपयोग आहे.

रुईवर पिवळाधमक मावा असतो. तो कपाशीवरचा मावा नव्हे, तो कपाशीवर जात नाही. पण त्याला खायला ढालकिडे रुईवर हमखास जमलेले दिसतात, आणि ढालकिड्याला कपाशीचा मावाही चालतो. म्हणून धुऱ्यावर सरसकट तणनाशक मारण्याआधी पानं उलटी करून चार फोटो तरी काढावेत, एवढंच माझं म्हणणं. सगळी रानझाडं सोज्वळ आहेत असं मी म्हणणार नाही. गाजरगवतावर कपाशीला त्रास देणारा पिठ्या ढेकूण बिनधास्त वाढतो; ते उपटलेलंच बरं.

घाणेरीवर तर सगळ्यात जास्त फुलपाखरं येतात!

येतात. घाणेरी, म्हणजे आपल्याकडे जंगलपट्ट्यात जिला रायमुनिया म्हणतात ती, अमेरिका खंडातून आलेली. एकदांडी तिकडचीच, गाजरगवतही तिकडचंच. यांच्या फुलांवर फुलपाखरांचे फोटो भरपूर मिळतात, आणि मग प्रश्न येतो की देशी रानफुलांचा एवढा आग्रह कशाला?

फुलपाखराचं मध पिणं आणि अळीचं पान खाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मध कुठल्याही फुलाचा चालतो. पण मादी अंडी घालते ती ठरलेल्या झाडांवरच, कारण अळीला तीच पानं पचतात. पिवळी गवती फुलपाखरं तरोट्यावर अंडी घालतात. नारिंगी रंगाचं, काळ्या कडांचं 'प्लेन टायगर' रुईवर. रुईचा चीक पचवून त्याची काळी-पांढरी-पिवळी पट्टेदार अळी स्वतःच विषारी होते, म्हणून ती उघड्यावर बिनधास्त बसते आणि फोटोला फार सोयीची असते. उद्या तरोटा आणि रुई संपली आणि धुऱ्यावर घाणेरीच राहिली, तर मध असेल, पण प्यायला येणारी पुढची पिढी कुठून येणार?

वरूड-मोर्शी, काटोल, नरखेडच्या संत्रापट्ट्यात ही गोष्ट उलट्या बाजूनं माहीत आहे. तिथे लिंबाच्या फुलपाखराची अळी रोपवाटिकेतल्या कोवळ्या पानांवर तुटून पडते. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून पक्षी तिला सोडून देतात. मोठी झाली की हिरवी होते. तिला हलकेच डिवचलं की डोक्यामागून दोन फाट्यांचं नारिंगी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. बागायतदारासाठी ती कीड आहे, हे मान्यच. पण ते शिंग एकदा जवळून टिपलेला माणूस तिला विसरत नाही.

वीस फोटो जोडून एक केला, तर तो खोटा नाही का?

पापडाच्या अडचणीवर एक तोड आहे. फोकस किंचित पुढे सरकवत एकामागून एक फोटो काढायचे आणि प्रत्येकातला स्पष्ट भाग संगणकावर जोडायचा. याला स्टॅकिंग म्हणतात. मला यात खोटं वाटत नाही. किडा तिथे होता, तसाच होता, त्या सगळ्या रेघा त्याच्याच आहेत. जोडलेला आहे हे सोबत लिहावं, एवढंच.

खोटेपणा दुसरीकडे चालतो. किडा स्थिर राहावा म्हणून काही जण त्याला फ्रीजमध्ये ठेवतात, मग फुलावर आणून बसवतात. त्यात तो किडा दगावू शकतो, आणि जो किडा त्या फुलावर कधी जातच नाही तो तिथे दिसतो. असा फोटो बघून शिकणारा चुकीचं शिकतो. फूल तोडून घरी आणून टिपण्यानंही तेच होतं: झाड कुठे होतं, पान कसं होतं, जमीन कसली होती, सगळं तुटतं.

ॲपला फोटो दिला की झालं ना?

नीट फोटो दिला तर बरंच काम होतं. किडीचे किमान तीन द्या: अख्खं झाड, ज्या भागावर कीड आहे तो भाग, आणि मग कीड जवळून. पानाची खालची बाजू विसरू नका. मावा, तुडतुडे, पांढरी माशी तिकडेच असतात. आकार कळण्यासाठी शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवा. रानफुलाला समोरून, बाजूनं आणि पानं देठावर कशी लागली आहेत ते दिसेल असं टिपा. शेंग किंवा फळ असेल तर तेही. नुसत्या फुलाच्या समोरच्या फोटोवरून बऱ्याच जाती वेगळ्या करता येत नाहीत. तारीख आणि ठिकाण नोंदवा. मात्र एखादी दुर्मीळ वनस्पती सापडली, तर तिची नेमकी जागा जगजाहीर करू नका. औषधीसाठी उपटून नेणारेही फोटो बघत असतात.

तरी कॅमेऱ्यालाही हद्द आहे. फुलकिड्याची नेमकी जात ठरवायला सूक्ष्मदर्शकच लागतो. आणि गुलाबी बोंडअळी एकदा बोंडात शिरली की बाहेरून बोंड धडधाकट दिसतं, शिरलेलं भोकही बुजून जातं. तिथे कितीही जवळ जा, फोटोत काहीच येणार नाही. वीस हिरवी बोंडं तोडायची, हातानं फोडायची आणि आत बघायचं. त्यात दोन किडकी निघाली, म्हणजे दहा टक्के झाले, की कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे उपाय करायची वेळ आली असं धरतात. फोटो काढायचाच तर त्या फोडलेल्या बोंडाचा काढावा, आतले कापसाचे कप्पे आणि सरकी दिसेल असा.